पोर्चचं पाणी

"आजपासून लातूर हा तालुका उरला नाही, अव्वा! जिल्हा झाला, जिल्हा! आणि या जिल्ह्याचं भवितव्य... माझे शब्द ध्यानात ठेवा... आपल्या या घराच्या हातांनी उभं राहणार आहे!"

विरूपाक्षाने उजवा हात उंच उभारून ही घोषणा केली तेव्हा त्या हातावरून वरण कोपराकडे ओघळत होतं. आणि भाषण आटोपून तो मोरीकडे गेला तर रांजण कोरडा ठणठणीत निघाला. जिल्ह्याचं भवितव्य घडवणारा तो हात शेवटी, जिल्हा झाल्याची बातमी ज्यात ठळक अक्षरांत छापली होती, त्याच वर्तमानपत्राला पुसावा लागला. अव्वांनी, म्हणजे म्हाताऱ्या बसम्मांनी, बोटं मोडून धाकट्या लेकाची दृष्ट काढली. थोरला लेक मलप्पा भिंतीला टेकून भावाकडे असा पाहत होता, की जणू तो हात पुसत नसून कोनशिलेवर सही करतोय. आणि मलप्पाची बायको सिद्धम्मा... ती उद्याचं पाणी कुठून आणायचं याचा विचार करत होती. घरातल्या एका तरी माणसाला भवितव्य सोडून रांजणाकडे पाहावं लागतं, आणि ते माणूस बहुधा थोरली सून असतं.

बहात्तरच्या दुष्काळात या घराचा कर्ता पुरुष गेला, त्या दिवशी मलप्पाने मॅट्रिकची पुस्तकं फडताळात टाकली आणि गवंड्याची थापी हातात घेतली. त्या थापीवर विरूपाक्ष औरंगाबादला शिकला, नकाशे काढायची पदवी आणि जाड काड्यांचा चष्मा घेऊन परत आला. सिद्धम्माच्या हातात माहेरच्या पाटल्या होत्या. थोरल्या सुनांच्या पाटल्या जिथे जातात तिथे त्याही गेल्या. त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. अर्थात कुणी विचारलंही नाही, त्यामुळे गप्प राहण्याचं पुण्यही तिच्या नावावर फारसं जमा झालं नाही.

मग दोघा भावांनी कंपनी काढली. नाव : 'बसम्मा अँड सन्स, बांधकाम व डिझाइन'. मोडक्या वाड्यातून आणलेलं एक दार दोन ट्रंकांवर आडवं टाकलं, की डिझाइन खातं तयार. आणि मलप्पाची सायकल भिंतीला लावली, की बांधकाम खातं तयार. विरूपाक्ष त्या दारावर रेघा ओढायचा, मलप्पा त्या रेघांच्या भिंती करायचा. जिल्हा झाला म्हणून कचेऱ्या येणार, कचेऱ्या आल्या म्हणून साहेब येणार, आणि साहेब आले की उतरणार कुठे? हा प्रश्न सर्वांत आधी साहेबरावांना पडला. साहेबरावांची गावाबाहेरची काळी जमीन एका रात्रीत 'स्टेशन रोडलगतची' झाली होती. त्यांनी 'जिल्हा लॉज' बांधायला काढला, आणि त्याचं काम 'बसम्मा अँड सन्स'ला दिलं.

लॉजचा सगळा दिमाख त्याच्या पोर्चमध्ये होता. खांबाविना पुढे झेपावलेला, गरुडाच्या पंखासारखा पोर्च! विरूपाक्षाचं पहिलं स्वप्न होतं ते. मलप्पाने तो भर उन्हाळ्यात, चैत्राच्या मध्यावर ओतला. आणि ओतून झाल्यावर हात कमरेवर ठेवून म्हणाला, "आता लेकराला पाणी पाजायचं. बाकी काई न्हाई. तीन आठवडे निस्तं पाणी."

स्लॅब म्हणजे तान्हं मूल, हे मलप्पाचं तत्त्वज्ञान. पहिले दिवस भिजत राहिला तर जन्मभर उभा राहतो. कोरडा पडला तर आतून भुसा होतो आणि वरून शहाणा दिसतो. त्यासाठी त्याने मांजरेकाठच्या एका विहिरीवरून टँकर ठरवला होता. सरजाबाई, त्याच्या कामावरची जुनी मजूर, दिवसभर घागरी वर चढवायची आणि पोर्चवर अंथरलेली गोणपाटं ओली ठेवायची.

त्याच आठवड्यात दोन मोठी माणसं घरी यायची ठरली. एक, मठाचे स्वामीजी. जिल्हा झाला तर पाद्यपूजा करीन, असा नवस अव्वांनी कधीच बोलून ठेवला होता; जिल्हा आणि बसम्मा यांचा तसा संबंध काय, हे स्वामीजींनीही विचारलं नाही. दुसरे, नांदेडचे मोठे कंत्राटदार गुरुलिंग, लेकीसाठी विरूपाक्षाला बघायला. घरी शंभरावर पान बसणार, पाहुण्यांच्या आंघोळी होणार, स्वामीजींचे पाय धुतले जाणार... आणि रांजण कोरडा!

"टँकर घरी वळवू," विरूपाक्ष म्हणाला.

"कामून?" मलप्पा दचकला. "आरं, पोर्च कवळा हाय अजून!"

"अण्णा, दोन दिवसांनी काय होतंय? मी दुसरा टँकर सांगतो ना! उद्याच्याला येईल. तुम्ही काळजीच करू नका."

"सांगशील नव्हं?"

"सांगितलाच म्हणून समजा!"

मलप्पाने तसं समजलं. धाकट्याने सांगितलेलं सारं तसंच समजायची त्याला सवय होती. सिद्धम्माला मात्र त्या वेळी विचारायचं होतं, टँकर सांगितला कुणाला?... पण तिला शंभर पानांची कणीक मळायची होती.

पाद्यपूजेला थोरली जोडी म्हणून मलप्पा आणि सिद्धम्माच बसले. पितळी परातीत स्वामीजींचे पाय. मलप्पा ते धूत होता, सिद्धम्मा तांब्यातून पाणी सोडत होती, आणि सांडणाऱ्या प्रत्येक थेंबावर नवऱ्याची नजर खिळलेली तिला दिसत होती. भक्तीने पाहत असेल, असं पाहुण्यांना वाटलं. परातीतलं ते पाणी तीर्थ म्हणून सर्वांनी ओंजळीत घेतलं, डोळ्यांना लावलं, प्राशन केलं. गुरुलिंगांनी तर दोनदा घेतलं. एका पोर्चचं आयुष्य माणसं अशी भाविकपणे पिऊन टाकत होती!

दुसऱ्या दिवशी सरजाबाई मागच्या दाराशी आली.

"वैनी, पोर्च तान्हेला हाय की वो! गोणपाटं निस्ती पापडावानी कडक झाल्यात. टँकर कुटं हाय?"

सिद्धम्माने पाहुण्यांतून वाट काढत दिराला गाठलं. "भाऊजी, दुसरा टँकर?"

"येतोय, वैनी, येतोय," तो हसत म्हणाला आणि गुरुलिंगांच्या जीपमध्ये बसून साखरपुडा ठरवायला नांदेडला गेला. टँकर त्याने कुणालाच सांगितला नव्हता. वाईट बुद्धीने नव्हे, हेच तर मोठं दुर्दैव... तो निव्वळ विसरला होता. परत आला तेव्हा आठवडा उलटला होता, मांजरेकाठची विहीर आटून मलप्पाचा टँकरही बंद झाला होता, आणि साहेबरावांना उद्घाटनाचा मुहूर्त सापडला होता. अक्षय्य तृतीया!

"टेकू काढावं लागतील," साहेबराव म्हणाले. "बल्ल्यांच्या रानातून मंत्री आत येतील का?"

"आत्ता नगं," मलप्पा म्हणाला. "पानी कमी पडलंय. पावसाळ्यापतूर ऱ्हाऊ द्या."

विरूपाक्षाने चष्मा वर सरकवला. साहेबरावांच्या मागे होणारे सासरे उभे होते. "माझं डिझाइन आहे, अण्णा. उभा राहील!"

उभा राहिला! नारळ फुटेपर्यंत उभा राहिला, मंत्र्यांची गाडी वाटेत पंक्चर होऊन थांबली तोवर उभा राहिला. मग आधी एक बारीक आवाज झाला, पापड मोडल्यासारखा... आणि गरुडाचा तो पंख साहेबरावांच्या नव्या कोऱ्या स्कूटरवर कोसळला. स्कूटरशेजारी सरजाबाई रांगोळीसाठी सडा टाकत होती. तिचा डावा पाय घोट्यापासून गेला. सड्याला मात्र पाणी मिळालं होतं. मंत्री येणार होते ना!

गर्दी जमली. "कुणाचं काम? कुणाचं काम?" विरूपाक्षाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. तो तोंड उघडणार एवढ्यात मलप्पा पुढे झाला.

"पाणी मारायचं काम माझं व्हतं," तो मोठ्याने म्हणाला. "मी इसरलो."

गर्दीच्या मागे, हळदीकुंकवाचं तबक हातात घेऊन सिद्धम्मा उभी होती. तिच्या काळजात त्या क्षणी जे तुटलं त्याचा आवाज कुणालाच आला नाही. अशा आवाजांना गर्दी जमत नाही.

घरी आल्यावर ती नवऱ्यासमोर उभी ठाकली. "का? का सांगितलंत खोटं?"

"त्याचं लगीन मोडंल, सिद्धम्मा. आत्ता कुटं नाव व्हायलंय लेकराचं..."

"आन तुमचं? तुमचं नाव नव्हतं व्हय? गावात मलप्पानं बांधली भिंत म्हणलं की लोक ओळंबा लावून बघत न्हवते! तुमी तुमचं नाव दिलं ते दिलं, माझं कुंकू बी त्याच्याबरोबर देऊन टाकलं... मला इचारलं का?"

मलप्पा नखांतलं सिमेंट काढत बसला. त्याग करणाऱ्या माणसाला सगळं जग दिसतं. शेजारी बसलेली बायको तेवढी दिसत नाही.

कोपऱ्यात विरूपाक्ष हुंदके देत होता. त्याने येऊन तिच्यापुढे हात जोडले. "वैनी, मी सांगणार आहे! शपथ! लग्न तेवढं होऊ द्या. मग चार लोकांत, माझ्या तोंडानं सांगेन... चूक माझी होती, अण्णांची नव्हती. तुम्ही फक्त वाट बघा!"

सिद्धम्माने वाट बघितली.

लग्न झालं. मग नव्या सुनेसमोर एवढ्यात कशाला, असं झालं. मग तिला दिवस गेले, तेव्हा घरात वाईट विषय नको झाला. मग नांदेडला सासऱ्यांच्या जोडीने नवीन ऑफिस झालं, 'बसम्मा अँड सन्स'ची पाटी तिकडे गेली, आणि पाटीवरच्या 'सन्स'पैकी एकच सन तिच्याबरोबर गेला. इकडे लातुरात मलप्पाला कुणी कुंपणाची भिंतही देईना. 'कोरडा मलप्पा' असं त्याचं नाव पडलं. शेवटी जळकोटच्या बाजूला पाझर तलावाचं काम निघालं तिथे तो खडी फोडायला जाऊ लागला. ज्या बोटांनी गिलाव्यावर थापी फिरवली की आरसा उमटायचा, त्या बोटांत दगडाचा चुरा शिरून राहिला. सरजाबाई कुबडी घेऊन कधीमधी घरी येई. खरं काय ते तिला ठाऊक होतं, पण मलप्पाने हात जोडले होते म्हणून तीही गप्प होती.

"वैनी," ती म्हणायची, "माझा पाय गेला ते दिसतंय तरी. लोक जागा देत्यात बसायला. तुमच्या मालकाचं काय गेलंय ते कुणाला दिसंना."

हे सगळं सिद्धम्माने सोसलं. पण एका दिवाळीत विरूपाक्ष घरी आला असताना ओसरीवर त्याचा कुणी नांदेडचा मित्र बसला होता, आणि चहा घेऊन जाताना तिच्या कानांवर पडलं...

"आमचे अण्णा म्हणजे देवमाणूस हो! फक्त कामात थोडे विसराळू. त्या पोर्चच्या वेळी मी किती सांगितलं होतं, पाणी बघा, पाणी बघा..."

तिने दाराआडून दिराच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता! त्याचे डोळे निर्मळ होते, आवाजात भावाविषयी माया होती. इतक्या दिवसांत त्याला ते तसंच आठवू लागलं होतं. खोटं बोलणाऱ्याला कधीतरी पश्चात्ताप तरी होतो. ज्याला आपलं खोटं खरं वाटू लागलं, त्याच्याकडून कुणी काय मागायचं? त्या दिवशी सिद्धम्मा पहिल्यांदा घाबरली. ते एक वाक्य आता कधीच येणार नाही... नवरा असाच 'कोरडा' म्हणून मरेल!

पुढच्या उन्हाळ्यात, पाऊस पुन्हा रुसला होता त्या वर्षी, नांदेडहून आमंत्रण आलं. विरूपाक्षाच्या स्वतःच्या इमारतीचं, स्वतःच्या ऑफिसचं उद्घाटन. स्वामीजी येणार, पाद्यपूजा होणार, आणि त्याच समारंभात 'ज्येष्ठ बंधू श्री. मलप्पा यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार' होणार! मलप्पा निरोप ऐकून लहान मुलासारखा हरखला.

"बघ, इसरला न्हाई त्यो मला!"

"इसरलेत," सिद्धम्मा म्हणाली. "पण जाऊ आपण."

नांदेडचं ऑफिस म्हणजे आरसेमहाल होता. काचेची दारं, गुळगुळीत फरशी, भिंतीवर चौकटीत बसवलेली डिझाइनं. मलप्पाने चपला बाहेर काढल्या आणि त्या तिथेही वाईट दिसतात म्हणून पायरीखाली सरकवल्या. अव्वा मखमली खुर्चीत, गुरुलिंग दाराशी स्वागताला, लातूरहून खास बोलावलेले साहेबराव पुढच्या रांगेत. आणि मध्यभागी चौरंगावर स्वामीजी, त्यांच्या पायाखाली तीच पितळी परात.

"थोरली जोडी बसू द्या," अव्वा म्हणाल्या. "सिद्धम्मा, ये."

सिद्धम्मा बसली. मलप्पाने स्वामीजींच्या पावलांना हात लावले. ती फुटलेली, काळवंडलेली, वाकडी झालेली बोटं सिद्धम्माने त्या गोऱ्या पावलांवर पाहिली, आणि तिच्या हातातला भरला तांब्या जागच्या जागी थांबला. सगळे पाण्याची वाट पाहत होते.

"वैनी, सोडा ना पाणी," विरूपाक्ष हळूच म्हणाला.

तिने मान वर केली. आवाज चढवला नाही, पण त्या गुळगुळीत फरशीवरून तो दारापर्यंत गेला.

"सोडते. पण आधी सांगा, भाऊजी... ह्ये पाणी कुठल्या पोर्चचं हाय?"

साहेबरावांच्या तोंडातली सुपारी थांबली.

"सिद्धम्मा!" अव्वा कडाडल्या. "तोंड आवर!"

"लई आवरलं, आत्याबाई! त्या दिवशी टँकर घरी आणला कुणी? दुसरा सांगतो म्हणून इसरलं कोण? बल्ल्या काढल्या तरी उभा राहील म्हणलं कोण? माझ्या नवऱ्यानं? भाऊजी, तुमी शपथ घेतल्याली... चार लोकांत सांगतो म्हणून. ह्ये बगा, चार लोक हाईत. चारशे हाईत! मला दुसरं काई नगं. तेवढं एक सांगा, मग म्हणाल तितकं पाणी सोडते."

"सिद्धम्मा, नगं गं..." मलप्पा कळवळला.

विरूपाक्ष तिच्याकडे पाहत राहिला. आधी त्याच्या चेहऱ्यावर खराखुरा गोंधळ होता, रागही होता. मग त्याची नजर परातीत गेली, भावाच्या त्या बोटांवर गेली... आणि आत खोल कुठेतरी एक टेकू निखळला.

"मी... मी सांगितलाच नव्हता टँकर," तो पुटपुटला. मग मोठ्याने, फुटून, "मीच विसरलो होतो! अण्णा खोटं बोलले... माझ्यासाठी खोटं बोलले! चूक माझी होती, माझी! सरजाबाईचा पाय मी तोडला, अण्णांचे हात मी तोडले! आणि मी... मला वाटायला लागलं होतं की..."

त्याला पुढे बोलवेना. सिद्धम्माच्या डोळ्यांतून घळघळा धारा लागल्या. आलं! ते वाक्य आलं! आता आकाश कोसळेल, धरणी दुभंगेल, निदान एखादा माणूस तरी उठून मलप्पाकडे जाईल...

गुरुलिंगांनी डोळ्यांना उपरणं लावलं. "केवढं मोठं मन! भर सभेत चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतंय!"

"खरं हाय," मागून कुणी म्हणालं. "असा माणूस आजकाल मिळत न्हाई!"

साहेबरावांनी सुपारी पुन्हा चघळायला घेतली. "मला तवाच शंका आल्ती. पण जाऊ द्या. तितं आता म्या दुमजली केलंय, पोर्चबिर्चची भानगडच ठेवली न्हाई." मग मलप्पाकडे वळून उदारपणे म्हणाले, "मलप्पा, या की आता परत. वरच्या मजल्याचा गिलावा ऱ्हायलाय."

मलप्पाने आपले हात उलटसुलट करून पाहिले. "थापी धरवत न्हाई आता, सायेब," तो ओशाळून हसला. "बोटं मिटत न्हाईत." आणि त्या न मिटणाऱ्या बोटांनीच तो भावाची पाठ थोपटू लागला. "रडू नगं रं, इरूपाक्षा. जाऊ दे. म्या कवा काई म्हणलो का?"

स्वामीजी गहिवरले. त्यांनी तबकातली शाल उचलली, मलप्पासाठी आणलेली ती शाल, आणि सत्य बोलणाऱ्या पुत्राच्या, विरूपाक्षाच्या खांद्यांवर स्वहस्ते पांघरली. टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात टाळ्या मलप्पाच वाजवत होता. बोटं मिटत नसल्यामुळे आवाज पोकळ येत होता, एवढंच.

शाल पांघरलेला विरूपाक्ष वळला आणि धाडकन सिद्धम्मापुढे गुडघ्यांवर कोसळला.

"वैनी! तुम्ही आई आहात माझी! मला मारा, तोडा, हवी ती शिक्षा द्या... पण आज मला क्षमा केल्याशिवाय मी इथून उठणार नाही! बोला, वैनी... काहीतरी बोला!"

सगळी सभा तिच्याकडे पाहू लागली. अव्वा पाहू लागल्या, गुरुलिंग पाहू लागले, मलप्पाचे डोळे तर याचना करत होते. सिद्धम्माच्या मनात त्या सगळ्या वर्षांचं साचलेलं उसळून आलं. तिला सांगायचं होतं की टाळ्या चुकीच्या माणसासाठी वाजल्या, शाल चुकीच्या खांद्यावर गेली, आणि क्षमा मागायला येणाऱ्याने निदान ती उतरवून यायला हवं होतं. तिने डोळे पुसले. उठायला गेली, पण उठता येईना. पुन्हा खाली बसली.

"भाऊजी," ती म्हणाली, "गुडघा जरा उचला. माझा पदर अडकलाय."